छोटं तैवानी-चिनी रेस्टॉरंट : काय मागवावं, कसं मागवावं?

झुळूक

तैवानी आणि चिनी असं दोन्ही जेवण देणारी छोटी, घरच्याच माणसांनी चालवलेली रेस्टॉरंटं मला मनापासून आवडतात. मोजकी टेबलं, नवरा शेगडीपाशी, बायको गल्ल्यावर, आणि मेन्यू मात्र पानंच्या पानं. अशा ठिकाणचं जेवण निम्मं स्वयंपाक्याच्या हातात असतं आणि निम्मं आपल्या मागवण्यात, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या टेबलावर घमघमणारं मातीचं भांडं येतं आणि त्याच स्वयंपाकघरातून आपल्यापुढे गोडसर, चिकट, कुठेही मिळेल असं काहीतरी येतं. शेजारच्यांना काय मागायचं ते ठाऊक असतं, एवढाच फरक.

मेन्यू सावकाश वाचला तर त्यात तीन भाग दिसतात. पहिला सगळीकडे असतो तोच : गोड-आंबट चिकन, फ्राइड राइस, स्प्रिंग रोल. नवं गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून ठेवलेला. दुसरा चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांचा : सिचुआनचं मापो तोफू, शांघायकडची डंपलिंग्ज, उत्तरेकडच्या गव्हाच्या पोळ्या. तिसरा भाग तैवानी. तो बहुतेक वेळा शेवटच्या पानावर किंवा भिंतीवर डकवलेल्या कागदावर असतो. मी सुरुवात तिथून करते, कारण ते त्या घरातलं रोजचं जेवण असतं.

एकाच मेन्यूत इतकं सगळं का, याचं उत्तर तैवानच्या इतिहासात आहे. बेटावर मूळचे आदिवासी, नंतर काही शतकं फुजियान प्रांतातून येत राहिलेले लोक, हक्का लोक, मग १८९५ ते १९४५ जपानी राजवट. आणि १९४९ च्या आगेमागे चीनमधलं यादवी युद्ध हरलेल्या राष्ट्रवादी सरकारबरोबर दहा लाखांहून जास्त माणसं समुद्र ओलांडून आली. सैनिक, कारकून, शिक्षक, बड्या अधिकाऱ्यांचे आचारी. सिचुआनचे, हुनानचे, शांदोंगचे, शांघायचे. चीनमध्ये ज्यांची गावं एकमेकांपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर होती ते लोक तैपेईत एका गल्लीत राहू लागले आणि एकमेकांचं जेवू लागले. त्यामुळे तैवानी बाई मापो तोफू करते तेव्हा ती परका पदार्थ करत नसते. तिच्या आजीच्या शेजारणीकडून तो घरात आलेला असू शकतो.

तिथे गेलात तर लू रौ फान मागवाच. डुकराचं चरबीयुक्त मांस बारीक चिरून सोया सॉस, तांदळाची वाइन, पंचमसाला आणि तळलेल्या छोट्या कांद्यांबरोबर तासन्‌तास मंद शिजवतात आणि गरम भातावर वाढतात. वाटी छोटीशी असते, दिसायला अगदी साधी. पण यात घाई चालत नाही, आणि घाई केली तर पहिल्या घासाला कळतं. चरबी भातात विरघळलेली असली पाहिजे, वर तरंगणारी नाही.

दुसरं, तीन कप चिकन. काळ्या तिळाचं तेल, सोया सॉस, तांदळाची वाइन, भरपूर आलं, सोललेल्या अख्ख्या लसूणपाकळ्या, आणि शेवटी मूठभर तुळशीच्या जातीची पानं, तिकडची बेसिल. पदार्थाचं मूळ चीनच्या जियांगशी प्रांतात सांगतात, पण ही पानं घालणं तैवानचं. रस पूर्ण आटून चिकनला चिकटलेला हवा. ताटलीत रस्सा पसरला असेल तर आच कमी पडली किंवा घाई झाली. तुकडे हाडासकट असतात, तसेच हवेत.

तुम्ही अशा ठिकाणी काय मागवता? काय टाळता? सविस्तर लिहा.

रातराणी

छान धागा. बीफ नूडल सूप राहिलं, म्हणून लगेच लिहितेय. आमच्या घरी सगळे खातात, जे खात नाहीत त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

तैवानमध्ये हे सूप म्हणजे अभिमानाचा विषय आहे. तैपेई शहर २००५ पासून त्याचा महोत्सव भरवतं. खरं तर शेतकरी घरांतली जुनी तैवानी माणसं बीफ खात नसत. ज्या बैलानं आयुष्यभर नांगर ओढला त्याला खायचं नाही, ही भावना. आजही काही घरांत ती पाळतात. बीफची आवड रुजली ती १९४९ नंतर सैनिकांच्या वसाहतींतून. दक्षिणेकडच्या काओश्युंगजवळ गांगशान इथे हवाई दलाच्या वसाहती होत्या. तिथे सिचुआनहून आलेल्या कुटुंबांनी तिखट दोउबान सॉस घरी करायला सुरुवात केली, आणि लालसर बीफ सूपचा उगम बरेच जण तिथलाच मानतात.

छोट्या रेस्टॉरंटमध्ये हे सूप मी असं पारखते. आधी नुसता रस्सा, चमच्यानं. तिखट आधी लागलं आणि मांसाची चव मागाहून आली, तर ठीक. नुसतं तिखट आणि मीठ लागलं तर हाडं पुरेशी उकळलेली नाहीत. मग मांस. पायाकडचा, आत पारदर्शक स्नायुबंध असलेला तुकडा हवा. तो दातांखाली मऊ आणि किंचित चिवट अशी दोन्ही जाणीव देतो. नूडल्स सगळ्यात शेवटी, पण फार उशिरा नाही, कारण गरम रश्श्यात त्या फुगत जातात. बाजूला मोहरीवर्गीय पाल्याचं आंबवलेलं लोणचं येतं. ते एकदम ओतू नका, थोडं थोडं घ्या. अर्ध्या वाडग्यानंतर तोंडाला चरबीचा थर जाणवायला लागतो तेव्हा त्याचं खरं काम असतं.

आणि एक. लांझोऊचं बीफ नूडल सूप हे पूर्ण वेगळं. ते वायव्य चीनमधल्या हुई मुस्लिमांचं : नितळ रस्सा, मुळ्याच्या चकत्या, वर मिरचीचं तेल, हातानं ओढून केलेल्या नूडल्स. एखाद्या मेन्यूत दोन्ही असतील तर वाढणाऱ्याला नीट विचारून घ्या.

तळटीप

वाचतोय. पण शाकाहारी माणसानं काय करायचं? आमच्याकडे आई-बाबा पक्के शाकाहारी, बायको अंडं खाते, मी सगळं खातो. अशा ठिकाणी गेलं की त्यांच्या वाट्याला व्हेज फ्राइड राइसच येतो, आणि त्यातही नक्की काय असतं ही धास्ती.

दिठी

तळटीप, कामानिमित्त तैपेईत राहिल्यामुळे यावर थोडं लिहू शकते. तैवान शाकाहारी माणसासाठी पूर्व आशियातल्या सगळ्यात सोयीच्या जागांपैकी एक आहे. तिथे बौद्ध आणि ताओ परंपरेतला शाकाहार मुरलेला आहे. पाकीटबंद शाकाहारी पदार्थावर तो पाचांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे छापावं लागतं : शुद्ध शाकाहारी, अंड्याचा, दुधाचा, दोन्हींचा, आणि कांदा-लसूणवर्गीय वनस्पती असलेला. हा शेवटचा वेगळा का, तर बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण, पात यांसारख्या पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात. जुन्या यादीत हिंगही होता असं मानतात. तिथल्या कित्येक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर स्वस्तिक असतं, बौद्ध खूण म्हणून.

आता याचा छोट्या रेस्टॉरंटमध्ये उपयोग. मालक तैवानी असतील तर 'व्हेज' म्हणू नका. 'सू' म्हणा, किंवा फोनवर 素 हे अक्षर दाखवा. 'मांस नको' म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात आणि कोंबडीचा स्टॉक तसाच राहतो. 素 दाखवलं की समोरच्या माणसाला हा नियमाचा प्रश्न आहे हे कळतं. अंडं आणि लसूण चालतो की नाही हे मात्र पुढे आपण सांगायचं, नाहीतर लसणाशिवाय जेवण येईल.

लपलेल्या गोष्टी लक्षात ठेवा. ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, हिरव्या पालेभाजीत सर्रास असतो. शाचा सॉसमध्ये सुकी मासळी आणि सुकट असते, तो नूडल्समध्ये आणि परतलेल्या पदार्थांत जातो. मापो तोफूत खिमा हा मूळ कृतीचाच भाग आहे. तळलेले कांदे पुष्कळदा डुकराच्या चरबीत तळलेले असतात, आणि ते साध्या उकडलेल्या भाजीवरही भुरभुरतात. हॉट अँड सावर सूपमध्ये बहुधा मांसाचा स्टॉक असतो.

आई-बाबांसाठी नक्की काय? लसूण घालून परतलेली रताळ्याची पानं. रताळ्याचा पाला ही तैवानची अगदी घरगुती भाजी आहे. ऑयस्टर सॉस आणि चरबी नको, साधं तेल घाला, असं सांगायचं. पातीची पोळी, तीही तेलात. गार तोफू, वर सोया सॉस आणि तिळाचं तेल. तीन कप पद्धतीनं केलेले किंग ऑयस्टर मशरूम. हा पदार्थ तैवानी शाकाहारी जेवणात अगदी नेहमीचा आहे आणि चिकनपेक्षा कणभरही कमी नसतो. मेन्यूत नसला तरी विचारा, सामान स्वयंपाकघरात असतंच.

तळटीप

दिठी, हे तर सोनंच दिलंत. मशरूमचं माहीतच नव्हतं. ते अक्षर फोनमध्ये साठवलं.

कुतूहल

अजिनोमोटोचं काय? आमचे एक नातेवाईक चिनी जेवणाचं नाव काढलं की डोकं दुखेल म्हणतात. लहान मुलांना द्यावं का?

पाणकावळा

कुतूहल, अन्नप्रक्रियेत काम करतो म्हणून लिहितो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला मुख्य घटक, वेगळं काढलं. तोच घटक पिकलेल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये, सुकवलेल्या मशरूममध्ये आणि सोया सॉसमध्ये आपसूक असतो. भीतीची सुरुवात १९६८ सालची. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं छोटं पत्र छापून आलं. चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी तक्रार होती, आणि कारण म्हणून त्यांनी दोन-तीन शक्यता मांडल्या होत्या. संपादकांनी वर शीर्षक असं दिलं की दोष एका देशाच्या जेवणावर चिकटला, तो आजवर. पुढे ज्या चाचण्यांत खाणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही कशात काय आहे ते ठाऊक नव्हतं, त्यांत जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात हा त्रास सातत्यानं दिसला नाही. रिकाम्या पोटी मोठा डोस नुसताच घेतल्यावर काहींना तात्पुरती लक्षणं जाणवली, इतकंच. तुमच्या नातेवाइकांना खरोखर त्रास होत असेल तर त्यांनी टाळावं, त्यात वाद नाही. पण अख्ख्या पाकपरंपरेवर शिक्का मारणं मला पटत नाही.

या जेवणात मला काळजी वाटते ती मिठाची. सोया सॉस, दोउबान, लोणची, स्टॉक, सगळ्यात मीठ. रक्तदाब असेल तर नूडल्स खा, रस्सा तळापर्यंत पिऊ नका. आणि ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी ग्वा बाओ (मांस भरलेला वाफवलेला पाव) मागवताना स्पष्ट सांगा, त्यावर शेंगदाण्याचं कूट असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, हेही ग्लुटेन टाळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

निळावंती

झुळूकच्या तीन भागांच्या मांडणीशी मी सहमत नाही. पहिला भाग 'गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून' असं म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

जनरल त्सो चिकनचंच बघा. सगळे त्याला अमेरिकी चिनी पदार्थ म्हणतात आणि नाक मुरडतात. तो तयार झाला तैवानमध्ये. पेंग चांग-क्वेइ हे हुनान प्रांतातले आचारी, राष्ट्रवादी सरकारच्या मेजवान्या सांभाळणारे, १९४९ मध्ये तैवानला आले. १९५० च्या दशकात त्यांनी हा पदार्थ रचला आणि हुनानच्याच एका जुन्या सेनापतीचं नाव दिलं. मूळ चव तिखट, आंबट, खारट होती, साखर नव्हती. ते स्वतः १९७० च्या दशकात न्यूयॉर्कला गेले, तिथे पदार्थाला गोडवा चढला आणि तो जगभर पसरला. २०१६ मध्ये ते तैपेईत वारले. मग हा पदार्थ पहिल्या भागातला, दुसऱ्या की तिसऱ्या?

'मंगोलियन बार्बेक्यू'सुद्धा १९५१ च्या सुमारास तैपेईतच सुरू झालं. मंगोलियाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा अस्सल आणि बाजारू अशी रेघ इतकी सरळ ओढता येत नाही.

झुळूक

निळावंती, पेंग यांचा इतिहास सांगितल्याबद्दल मनापासून आभार. अस्सल कोण हा वाद मला घालायचाच नाही. माझा प्रश्न एवढाच की आज, या स्वयंपाकघरात, हा पदार्थ कोण कुणासाठी करतंय. जनरल त्सो चिकन जर मालक स्वतः मिरच्या परतून, तळणाचं कवच ताजं ठेवून करत असेल तर मी ते आनंदानं खाईन. पण पुष्कळ ठिकाणी या पदार्थांसाठी एकच गोड सॉस सकाळी मोठ्या डब्यात करून ठेवलेला असतो आणि मांस बदलून तोच ओततात. तो डबा टाळायचा.

आणि ते ओळखायची माझी खूण सांगते : पालेभाजी. पाणपालक किंवा रताळ्याचा पाला, लसूण, मीठ, तेल, बास. लपायला जागाच नाही. वोक लालबुंद तापलेला असेल, भाजी मूठभरच टाकली असेल, तर मिनिटाभरात ती हिरवीगार, कुरकुरीत आणि किंचित धुरकट वासाची येते. आच कमी किंवा भाजी जास्त असली की पाणी सुटतं आणि ती उकडली जाते. ज्या घरची पालेभाजी चांगली, त्या घरचं बाकीचंही मी डोळे मिटून मागवते. 'आज कोणती पालेभाजी आली आहे?' हा प्रश्न विचारला की मालकिणीचा चेहराही खुलतो, असा माझा अनुभव आहे.

सावळाराम

मला एक कळत नाही. आपापली ताटली मागवली तर काय बिघडतं? मला जे आवडतं ते मी खाईन. टेबलावर सगळ्यांचे चमचे एकाच भांड्यात, हे मला रुचत नाही.

दिठी

सावळाराम, एका माणसाचं जेवण हवं असेल तर त्यासाठी या मेन्यूत खास पदार्थ आहेत : लू रौ फान, नूडल सूप, भातावर तळलेली पोर्क चॉप. ते बिनधास्त एकट्यानं खा, तैवानमध्येही लोक दुपारी तेच करतात. पण परतलेले पदार्थ टेबलासाठीच रचलेले असतात. तीन कप चिकन एकट्यानं भातावर घेऊन संपवायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर तेल आणि सोया सॉस जड वाटू लागतं. तेच बाजूला गार काकडी, एक पालेभाजी आणि नितळ सूप असलं की प्रत्येक घास नवा लागतो.

चमच्यांचं म्हणाल तर वाढायला वेगळे चमचे किंवा चॉपस्टिक्स मागायच्या, कुणालाही वावगं वाटत नाही. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर आणि पुन्हा कोविडनंतर तिथेही ही सवय वाढली.

हिशेब साधा ठेवा. माणशी एक पदार्थ, वर एक सूप, भात प्रत्येकाचा वेगळा. पण सगळे पदार्थ एकाच जातीचे नकोत. दोन तळलेले मागवले की टेबल जड होतं. एक वाफेवरचं, एक परतलेलं, एक रस्स्याचं, एक गार. सगळी मंडळी तिखट मागायला बघत असतील तर कुणीतरी हट्टानं काहीतरी सौम्य मागवावं.

रातराणी

गार पदार्थांवरून आठवलं, काही तैवानी ठिकाणी काउंटरजवळ काचेचं छोटं कपाट असतं. आत बशांमध्ये ठेचलेली काकडी, समुद्री शेवाळ, सोया सॉसमध्ये शिजवलेली अंडी, सुक्या तोफूच्या पट्ट्या, शेंगदाणे. त्या बशा आपणच उठून घ्यायच्या असतात, शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल होतं. नवी माणसं बसून राहतात, कुणी विचारेल म्हणून. उठा आणि घ्या. मुख्य जेवण येईपर्यंत हा सगळ्यात छान वेळ असतो. सोयामधलं अंडं आणि तोफू घेतलात की त्यावरून त्यांचा मुख्य मसाल्याचा रस कसा आहे तेही कळतं. तो रस वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उकळून, भर घालून जपतात.

टेबलावर कागद आणि पेन्सिल असेल तर तोच तुमचा वेटर. पदार्थापुढे आकडा लिहून काउंटरवर द्यायचा.

कुतूहल

पाणकावळा, उत्तराबद्दल धन्यवाद, नातेवाइकांना पाठवतो. अजून एक. शाओलोंगबाओ, म्हणजे आत सूप असलेली डंपलिंग्ज, छोट्या ठिकाणी मागवावीत का? आणि आत सूप जातं कसं? मुलगी विचारतेय.

पाणकावळा

मुलीला सांगा की सूप आत भरताना घट्ट असतं. डुकराची कातडी आणि हाडं खूप वेळ उकळून त्यातलं जिलेटिन रश्श्यात उतरवतात, थंड केलं की त्याची थरथरणारी वडी होते. ती बारीक करून खिम्यात मिसळतात आणि पातळ पारीत बंद करतात. वाफ लागली की वडी वितळते, सूप तयार.

हा पदार्थ शांघायजवळच्या नानशियांगचा मानतात. जगभर नेला तो तैवानच्या दिन ताई फुंगनं. ते १९५८ मध्ये खाद्यतेलाचं दुकान म्हणून सुरू झालं होतं. डब्यातलं तेल आल्यावर सुट्या तेलाचा धंदा बसला, तेव्हा अर्ध्या दुकानात डंपलिंग्ज विकायला लागले. त्यांच्या एका नगाला १८ चुण्या असतात.

छोट्या ठिकाणी मागवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : इथेच वळता का? रोज पारी लाटून, भरून, चुण्या घालायला एक माणूस पूर्णवेळ लागतो. दोघांच्या रेस्टॉरंटला ते परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण गोठवलेली आणतात. त्यात फसवणूक नाही, पण मग ती जागा पोटातली दुसऱ्या पदार्थाला द्यावी. त्याऐवजी तव्यावर एका बाजूनं भाजलेली साधी डंपलिंग्ज घ्या, ती बहुधा घरी वळलेली असतात.

खाताना मुलीला जपा. आतलं सूप उकळतं असतं. शेंड्याला हलकेच धरून चमच्यात ठेवायचं, बाजूला छोटंसं भोक पाडून वाफ जाऊ द्यायची, सूप प्यायचं, मग आल्याच्या बारीक काड्या आणि काळं व्हिनेगर घेऊन उरलेलं खायचं.

निळावंती

मुलीसाठी बबल टीसुद्धा सांगा. १९८० च्या दशकातला शोध. ताइचुंगचं चुन शुइ तांग आणि ताइनानचं हानलिन दोघेही आपलाच म्हणतात. दहा वर्षं न्यायालयात भांडले, २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हे पेय कुणीही करू शकतं, पहिलं कोण हे ठरवण्याची गरज नाही. अगदी लहान मुलांना मात्र ते साबुदाण्यासारखे मोठे गोळे देऊ नका, जाड स्ट्रॉमधून ओढताना घशात अडकू शकतात.

मोठ्यांनी साधा ऊलाँग मागवावा. तेलकट जेवणानंतर उंचावरच्या बागांचा, फुलांच्या वासाचा चहा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात जास्त खुलतो. पानं फेकू देऊ नका, गरम पाणी पुन्हा मागा.

सावळाराम

दिठी, वेगळ्या चमच्यांचं पटलं. घरी घेऊन जायचं असेल तर काय चांगलं टिकतं? आम्ही बहुतेक वेळा पार्सलच आणतो.

झुळूक

लू रौ फान उत्तम टिकतं, दुसऱ्या दिवशीही. तीन कप चिकन, मापो तोफू चालतं. नूडल सूप आणायचंच असेल तर नूडल्स आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत मागा. पालेभाजी, ऑयस्टर ऑम्लेट आणि कुठलंही तळलेलं आणू नका. ऑम्लेटमध्ये रताळ्याचं पीठ असतं, ते तव्यावरून उतरल्यावर पाच-दहा मिनिटं छान लवचिक असतं आणि मग बंद डब्यात घट्ट गोळा होतं. वोकच्या त्या धुरकट वासाचंही तेच, झाकण लावलं की तो गेला. जमेल तेव्हा तिथे बसूनच जेवा, आणि जरा लवकर जा. ऐन गर्दीत एकटा माणूस दोन वोक सांभाळत असतो, तेव्हा त्याच्याकडून चांगल्या पालेभाजीची अपेक्षा धरणं बरोबर नाही.

तळटीप

मंडळी, येत्या शनिवारी सहा जण जातोय. आई-बाबा शाकाहारी आणि तिखट नको, बायको अंडं खाते, मी आणि दोघं मित्र सगळं खातो. कुणी पूर्ण ऑर्डर सुचवेल का?

दिठी

फोन करून आधी 素 सांगून ठेवा, म्हणजे त्यांचा वोक धुवून घेतील आणि मशरूम आणून ठेवतील.

बसल्या बसल्या ठेचलेली काकडी आणि गार तोफू, तोफूवर सुक्या माशाचे तुकडे नकोत हे सांगून. मग पातीची पोळी, अंड्याशिवाय, सगळ्यांना मिळून दोन. आई-बाबांसाठी तीन कप मशरूम, मिरची न घालता, आणि रताळ्याचा पाला तेलात. हे दोन्ही मोठ्या आकारात घ्या, कारण तुम्हीही त्यात हात घालणार. बायकोसाठी टोमॅटो-अंडं, त्यात सहसा स्टॉक लागत नाही, तरी विचारा. तुम्हा तिघांना लू रौ फानच्या छोट्या वाट्या आणि मध्ये एक मापो तोफू, खिम्यासकट. सूप शाकाहारीच घ्या, मशरूमचं किंवा शेवाळाचं, म्हणजे सगळ्यांना एकच पुरेल. शाकाहारी ताटल्या टेबलाच्या एका बाजूला ठेवायला आणि त्यांना वेगळे चमचे द्यायला सांगा.

साधा भात आई-बाबा आणि बायकोसाठी वेगळा सांगा, पुष्कळ ठिकाणी तो आपोआप येत नाही. आणि तिळाच्या सारणाचे गरम गोळे मिळत असतील तर आधी विचारा, सारणात चरबी असते कधी कधी. नसेल तर आई-बाबांना नक्की द्या.

तळटीप

फोन केला. मशरूम मिळतील म्हणाल्या, पण पाला रताळ्याचा नाही, पाणपालक आहे. तो चालेल ना?

झुळूक

चालेल काय, धावेल! देठ कुरकुरीत ठेवायला सांगा.